स्वतःच्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी? लंडनच्या व्हिक्टोरियन घररांगा आणि त्यांना जपणारा कायदा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मारक म्हणून त्याचे उद्घाटनही झाले. मात्र राहत्या घराचे संग्रहालय केल्याने निवासाची जागा कमी होते, या कारणावरून तेथील कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये या बदलाला परवानगी नाकारली. २०१९ मध्ये त्यावर जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी अपील मान्य केले, तेव्हा कुठे प्रकरण मिटले. रीतसर विकत घेतलेल्या घराचे काय करायचे हे तिथली नगरपालिका कशी ठरवते, असा प्रश्न त्या काळात अनेक मराठी वाचकांना पडला होता.

तो वाद घराच्या वापराचा होता. लंडनमधील हजारो जुन्या घरांना याहून कडक नियम लागू आहे. त्या घरांची खिडकी, जिना, इतकेच काय, आतल्या छताची नक्षीही लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही. अशा घराला ‘लिस्टेड’, म्हणजे सूचिबद्ध वास्तू म्हणतात. हा नियम कशासाठी आहे हे समजायचे, तर आधी ही घरे बांधली कशी गेली ते पाहावे लागते, कारण नियमाचे मूळ बांधकामाच्या व्यवहारातच आहे.

रो हाउस, पण उभे

इंग्लंडमध्ये ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे, तर एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांची सलग रांग. नाशिक-पुण्यात ज्याला रो हाउस म्हणतात त्याच जातीची ही घरे आहेत. फरक इतकाच की लंडनच्या सधन वस्तीतील घर चार-पाच मजले उंच आणि अवघे पाच ते सात मीटर रुंद असते. शेजारच्या दोन घरांत एकच भिंत असते, तिला सामाईक भिंत म्हणू. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, अशा रांगांनी लंडनची शिवारे भरून गेली. त्यांचा मूळ साचा मात्र राणीच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरलेला होता.

घर अरुंद असण्याचे कारण हिशेबी होते. रस्ता, गटार आणि पाण्याची नळी यांचा खर्च रस्त्याच्या लांबीवर ठरतो. तेव्हा एका रस्त्यावर जितकी जास्त घरे बसतील तितका प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी. त्यामुळे तोंडाला आखूड आणि मागे लांब असे भूखंड पाडले गेले आणि हवी असलेली जागा वरच्या दिशेने मिळवली गेली.

आग आणि कर

बाकीचा आकार आगीने आणि सरकारी तिजोरीने दिला. १६६६ च्या भीषण आगीनंतर पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने लंडन शहरात बाहेरच्या भिंतींसाठी वीट किंवा दगड सक्तीचा केला आणि घरांचे चार प्रकार ठरवून दिले. १७०७ मध्ये छपराखालच्या लाकडी झालरीला बंदी आली, म्हणून दर्शनी भिंत छपराच्या वर चढवण्याची पद्धत पडली. रस्त्यावरून पाहताना या घरांचे छप्पर बहुधा दिसत नाही ते त्यामुळे. दोनच वर्षांनी खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाह्य पृष्ठापासून चार इंच आत बसवण्याचा नियम आला, जेणेकरून ज्वाळा एका चौकटीवरून दुसरीवर जाऊ नयेत. १७७४ च्या बांधकाम कायद्याने घराच्या किमतीनुसार आणि क्षेत्रफळानुसार चार श्रेणी पाडल्या: ८५० पौंडांहून अधिक किमतीचे आणि ९०० चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारे घर पहिल्या श्रेणीचे, तर १५० पौंडांच्या आतले चौथ्या श्रेणीचे. कोणत्या श्रेणीला भिंत किती जाड हेही त्यात सांगितले होते. सामाईक भिंत छपराच्या वर काढायची, म्हणजे एका घराची आग छपरावरून शेजारी सरकत नाही, हा नियमही याच मालिकेतला. एकसारखेपणा ही सौंदर्यदृष्टी म्हणून नंतर मिरवली गेली. तिची सुरुवात अग्निशामक खबरदारीत झाली, असे माझे मत आहे.

कर हटले तसे घराचे रूपही पालटले. १६९६ पासून चालत आलेला खिडकीकर १८५१ मध्ये रद्द झाला. काचेवरचा कर त्याआधी १८४५ मध्ये आणि विटांवरचा १८५० मध्ये गेला होता. काच स्वस्त झाली, मोठ्या आकारात मिळू लागली आणि लहान लहान तावदानांच्या जागी खिडकीच्या प्रत्येक अर्ध्या भागात एक किंवा दोनच मोठ्या काचा आल्या. काच जड आणि मधल्या पट्ट्या गेलेल्या, म्हणून वर-खाली सरकणाऱ्या चौकटीचे सांधे मजबूत करण्यासाठी वरच्या चौकटीच्या खालच्या दोन्ही टोकांना लाकडाची छोटी शिंगे ठेवली जाऊ लागली. लंडनच्या रस्त्यावर अशी शिंगे असलेली खिडकी दिसली, तर ती बहुतेक करून व्हिक्टोरियन काळातली किंवा त्यानंतरची समजावी.

जमीन एकाची, घर दुसऱ्याचे

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे भाडेपट्टा. लंडनभोवतीची बरीचशी जमीन थोड्याशा उमराव घराण्यांच्या, संस्थांच्या आणि चर्चच्या मालकीची होती. कौटुंबिक दस्तऐवजांमुळे अनेक घराण्यांना ती विकता येत नव्हती, पण पट्ट्याने देता येत होती. जमीनमालक बिल्डरला बहुधा ९९ वर्षांच्या पट्ट्याने भूखंड देई. पहिल्या एक-दोन वर्षांचे भाडे नाममात्र, कागदोपत्री ‘मिरीचा एक दाणा’ इतके असे. त्या मुदतीत बिल्डरने घराचा सांगाडा उभा करून उरलेल्या वर्षांचा पट्टा गिऱ्हाइकाला विकायचा आणि त्या पैशातून पुढचे घर बांधायचे. पट्टा संपला की जमीन आणि तिच्यावरचे घर, दोन्ही मूळ मालकाकडे परत.

यात बिल्डरला घाई असते आणि जमीनमालकाला चिंता. घाईमुळे दर्शनी भाग देखणा आणि आतल्या भिंती जेमतेम, हा प्रकार सर्रास चाले. गिलावा हे त्याचे मोठे हत्यार होते: १७९६ मध्ये जेम्स पार्करने ‘रोमन सिमेंट’चे पेटंट घेतल्यानंतर साध्या विटांवर गिलावा करून, त्यावर खोट्या सांध्यांच्या रेघा ओढून ती भिंत दगडाची भासवणे सोपे झाले. जमीनमालकाची चिंता अशी की ९९ वर्षांनी आपल्या नातवंडांच्या हाती पडणारी वस्ती उकिरडा असू नये. म्हणून पट्ट्यातच अटी घातल्या जात: दर्शनी रूप ठरलेल्या आराखड्याप्रमाणेच हवे, ठरावीक वर्षांनी बाहेरून रंग द्यायचा, घरात दुकान थाटायचे नाही. थॉमस क्युबिट या बिल्डरने ग्रोव्हनर घराण्याच्या जमिनीवर उभारलेले बेलग्रेव्हिया आणि पिमलिको हे भाग याच पद्धतीचे. क्युबिट इतरांसारखा ठेके वाटत बसला नाही. त्याने सर्व प्रकारचे कारागीर कायम पगारावर ठेवले, आणि त्याच्या कामाचा दर्जा त्यामुळे उठून दिसला.

मुंबईकरांना हे फार परके वाटू नये. पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, वेगवेगळ्या मालकांच्या आणि वेगवेगळ्या शैलींच्या इमारती आहेत. पण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग आडोसा ठेवलाच पाहिजे, अशी अट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली गेली होती. फ्लोरा फाउंटनपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पावसात न भिजता बरेच अंतर चालता येते ते त्या अटीमुळे.

एक घर नीट पाहू

केन्सिंग्टन हाय स्ट्रीटच्या उत्तरेला स्टॅफर्ड टेरेस नावाची रांग आहे. फिलिमोर घराण्याच्या या जमिनीवर जोसेफ गॉर्डन डेव्हिस या बिल्डरने १८६८ ते १८७४ च्या सुमारास ही घरे बांधली. त्यातील १८ क्रमांकाच्या घराचा ८९ वर्षे उरलेला पट्टा लिनली सॅम्बोर्न या व्यंगचित्रकाराने २,००० पौंडांना घेतला आणि १८७५ मध्ये तो पत्नी मॅरियनसह तिथे राहायला आला. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात तो चित्रे काढत असे. चांगली, पण अफाट नव्हे अशी मिळकत, आणि उच्चभ्रू दिसण्याची हौस, असा तो मध्यमवर्ग होता.

अशा घरात मजल्यागणिक माणसांची प्रतिष्ठा ठरलेली असते. सर्वांत खाली, रस्त्याच्या पातळीखाली स्वयंपाकघर. त्याच्यासमोर उजेडासाठी खोदलेला चौक आणि भोवती लोखंडी कठडा. गंमत अशी की हे तळघर पूर्ण खणलेले नसते. पायासाठी काढलेली माती समोर टाकून रस्ताच उंच केलेला असतो, म्हणून पुढून तळघर वाटणारा मजला मागच्या बाजूला बागेच्या पातळीत निघतो. पदपथाखाली कोळशाची कोठी असते आणि वर लोखंडी झाकण; कोळसेवाल्याने पोते रस्त्यावरच रिकामे करायचे, घरात पाऊल ठेवायचे नाही. तळमजल्यावर जेवणघर आणि सकाळची बैठक. पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच छताचा दिवाणखाना, कारण पाहुण्यांना तिथे न्यायचे असते. त्याच्या वर झोपण्याच्या खोल्या, आणि जसजसे वर जावे तसतशी छते बुटकी, खिडक्या लहान आणि नक्षी कमी होत जाते. माळ्यावर मुले आणि नोकर. बाहेरून नुसत्या खिडक्यांच्या उंचीवरून आत कोण राहत असेल हे सांगता येते.

सॅम्बोर्नच्या घरात आतला तपशीलही शाबूत आहे, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य. दिवाणखान्याच्या भिंतींवर आधी विल्यम मॉरिसचा नक्षीकागद होता. पुढे त्यावर महागडा, चामड्यासारखा दिसणारा उठावाचा कागद लावला गेला, पण तो फक्त दिसणाऱ्या भागापुरता. चित्रांच्या चौकटींमागे जुना कागद तसाच सोडला आहे. न्हाणीघरातील संगमरवरी टबात सॅम्बोर्न छायाचित्रे धुवत असे. एकीकडे ऐट आणि दुसरीकडे काटकसर, हे त्या वर्गाचे खरे चित्र कोणत्याही राजवाड्यात सापडणार नाही.

यादी कशी जन्मली

पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसे मिळेनाशी झाली आणि पाच मजल्यांचे घर एका कुटुंबाला झेपेना. घरांचे तुकडे होऊन खोल्या भाड्याने गेल्या, काहींची हॉटेले झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले, तेव्हा पडझड झालेल्या इमारतींपैकी कोणत्या पाडायच्या नाहीत हे सांगण्यासाठी वास्तुविशारदांकडून याद्या करून घेण्यात आल्या. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी या कल्पनेला कायमचे रूप दिले. आज या विषयावरचा मुख्य कायदा १९९० चा आहे.

सुरुवातीच्या याद्यांत व्हिक्टोरियन इमारतींना फारसे स्थान नव्हते, कारण त्या काळी त्या बोजड आणि रुचिहीन समजल्या जात. हे मत बदलवण्यासाठी ज्यांनी पुढाकार घेतला ते लोक नोव्हेंबर १९५७ मध्ये १८, स्टॅफर्ड टेरेस याच घरात जमले. घर तेव्हा सॅम्बोर्नच्या कुटुंबाकडेच होते आणि त्याची नात ॲन, म्हणजे काउंटेस ऑफ रॉस, यजमान होती. कवी जॉन बेचमन आणि वास्तुइतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर संस्थापकांत होते. १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली. यूस्टन स्थानकापुढची भव्य कमान ही संस्था वाचवू शकली नाही, १९६१-६२ मध्ये ती पाडली गेली. पण त्या हानीने लोकमत हलले आणि सेंट पँक्रस स्थानकाची इमारत १९६७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत नोंदवली गेली.

इंग्लंडमध्ये श्रेणी तीन आहेत: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. जवळपास चार लाख नोंदींपैकी सुमारे ९२ टक्के ग्रेड टूमध्ये आहेत आणि ग्रेड वनमध्ये फक्त अडीच टक्के. कधीकधी अख्खी रांग मिळून एकच नोंद असते, त्यामुळे इमारतींची खरी संख्या याहून मोठी आहे. १७०० पूर्वीच्या, मूळ रूपात टिकलेल्या इमारती जवळजवळ सर्वच नोंदवल्या जातात, १७०० ते १८५० मधल्या बहुतेक. त्यानंतरच्या इमारती विपुल असल्याने निवड काटेकोर असते. १८, स्टॅफर्ड टेरेस ग्रेड टू स्टार आहे. १९८० मध्ये ते ग्रेटर लंडन कौन्सिलने घेतले आणि आता ते स्थानिक बरोच्या, म्हणजे त्या भागाच्या नगरपालिकेच्या, ताब्यातील संग्रहालय आहे. मुंबईची १९९५ ची वारसा नियमावलीही श्रेणींवरच उभी आहे. तिथे एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन असे वर्ग आहेत.

‘सगळी घरे सारखीच, मग जपायचे काय?’

हा आक्षेप वाजवी आहे. एकेकटे घेतले तर रांगेतील बहुतेक घर सामान्य असते. पण रांगेचे सौंदर्य पंगतीसारखे असते: प्रत्येकाचे पान वेगळे, तरी मध्येच एकजण उठला की पंगत मोडते. टोकाची आणि मधली घरे किंचित पुढे काढून, त्यांना खांब किंवा त्रिकोणी शिखर देऊन, पंधरा-वीस घरांना मिळून एका महालाचे रूप देण्याचा डाव अनेक रांगांत आहे. त्यातल्या एकाने खांब तोडून गाडी उभी करायला जागा केली, तर नुकसान त्याच्या एकट्याच्या घराचे होत नाही.

आधी ही शिस्त जमीनमालकाच्या पट्ट्याने राखली होती. १९६७ च्या कायद्याने अनेक पट्टेदारांना जमिनीसह घर विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा जुन्या अटी सैल पडण्याची भीती होती. म्हणून त्याच कायद्यात काही मोठ्या इस्टेटींना बाह्यरूपावर देखरेख चालू ठेवण्याची सोय करून दिली गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने ‘संवर्धन क्षेत्रे’ आणली, ज्यात एकेक इमारत न नोंदवता संपूर्ण वस्तीचे रूप सांभाळता येते. उमरावाने स्वार्थासाठी घातलेली अट लोकशाही शासनाने सार्वजनिक हितासाठी उचलली, असे या साऱ्याकडे मी पाहतो.

‘पण घर माझे आहे ना?’

आहे, आणि ते विकता येते, भाड्याने देता येते, त्यात राहता येते. सूचिबद्ध होणे म्हणजे बदलाला बंदी नव्हे. बदलाआधी कौन्सिलची संमती घ्यावी लागते, एवढाच अर्थ. त्या अर्जाला शुल्कही नाही. नवे स्वयंपाकघर, विजेच्या तारा, कधी मागचे वाढीव बांधकामही मंजूर होते. मात्र संरक्षण आतल्या भागालाही असते, आणि श्रेणी कनिष्ठ असली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. संमतीशिवाय वास्तूचे स्वरूप बदलणारे काम करणे हा फौजदारी गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो.

‘थंडीत कुडकुडायचे का?’

एकेरी काचेच्या खिडक्या गार असतात, यात शंका नाही. सर्रास नवी प्लास्टिकची खिडकी बसवण्याला मात्र विरोध होतो, आणि त्याचे कारण नुसते दिसण्याचे नाही. जुन्या खिडकीचे लाकूड बहुधा आजच्या लाकडाहून टिकाऊ असते, आणि तिचा एखादा भाग कुजला तर तेवढाच बदलता येतो. मूळ खिडकीच्या आतून दुसरी काच लावणे, फटी बुजवणे, माळ्यावर उष्णतारोधक थर टाकणे, हे उपाय बऱ्याचदा मान्य होतात. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने जुलै २०२४ मध्ये जुन्या इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी सविस्तर मार्गदर्शन काढले आहे.

भिंतींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या घरांच्या विटा चुन्यात बसवलेल्या आहेत. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडून जातो. दुरुस्तीत सांधे सिमेंटने भरले की ओलाव्याची वाट बंद होते, तो विटेतून बाहेर पडू लागतो, हिवाळ्यात गोठतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंटच्या कामाने बिघडलेल्या भिंती लंडनमध्ये जागोजागी दिसतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांनाही सिमेंटचा हा जाच चुकलेला नाही.

खर्चाबाबतचा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. सूचिबद्ध घराच्या संमतीप्राप्त बदलांना पूर्वी मूल्यवर्धित करातून सवलत होती. १ ऑक्टोबर २०१२ पासून ती गेली आणि आता सामान्यतः २० टक्के कर लागतो, तर नव्या घराच्या बांधकामावर हा कर शून्य आहे. जुने सांभाळा असे एका कायद्याने बजावायचे आणि दुसऱ्याने सांभाळणाऱ्याकडूनच जास्त वसूल करायचे, ही विसंगती सरकारने अजून दूर केलेली नाही.

लंडनमध्ये किंवा इंग्लंडच्या इतर शहरांत अशा रांगेतील घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट व्यवहाराआधीच तपासावी. घर यादीत आहे का हे राष्ट्रीय वारसा यादीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येते. यादीत असेल, तर आधीच्या मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाची संमतीपत्रे वकिलामार्फत मागवावीत. बेकायदा काम पूर्ववत करण्याची नोटीस बजावण्यास कालमर्यादा नसते. ज्याने खिडकी बदलली त्याला शिक्षा होऊ शकते, पण ती पुन्हा जशीच्या तशी करून देण्याची नोटीस त्या वेळी जो मालक असेल त्याच्या नावाने येते.